नांगर उचलण्याचा हक्क

खासगी नौका घेऊन उष्ण कटिबंधातल्या बेटाबेटांवरून हिंडायचे आणि त्यावर पुस्तक लिहायचे, ही इंग्रजी प्रवासवाङ्मयातली एक जुनी रीत आहे. तिकीट काढून बोटीने जाणारा प्रवासी वेळापत्रकाला बांधलेला असतो. नौका हाताशी असलेला माणूस मात्र हवा तिथे नांगर टाकतो आणि मन भरले की उचलतो. या मोकळिकीचा लेखकाच्या नजरेवर काय परिणाम होतो? मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जमेल तसे वाचत आलो. म्हणून दोनच पुस्तकांपुरते बोलतो : रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे ‘इन द साउथ सीज’ (१८९६) आणि जॅक लंडनचे ‘द क्रूझ ऑफ द स्नार्क’ (१९११).

रूढ मत असे की, लंडनचे पुस्तक चटकदार आणि स्टीव्हन्सनचे रटाळ. हे मत नवे नाही. स्टीव्हन्सनची पत्नी फॅनी हिनेच १८८९ मध्ये सिडनी कॉल्विन या मित्राला तक्रारीच्या सुरात कळवले होते की, स्वतःचे अनुभव सांगायचे सोडून हा भाषा आणि वंश यांची शास्त्रीय चर्चा करत बसला आहे. मला वाटते, हा रटाळपणाच त्या पुस्तकाचे मोल आहे.

छातीच्या दुखण्याने जर्जर झालेला स्टीव्हन्सन जून १८८८ मध्ये ‘कॅस्को’ ही स्कूनर भाड्याने घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि महिन्याभराने मार्केसस बेटांपैकी नुकुहिवाच्या अनाहो उपसागरात पोहोचला. नौकेत मखमली गाद्या होत्या, आरसे होते. बेटावरची माणसे ती दिवाणखान्यासारखी पाहायला येत. म्हणजे इथे पाहणारे तेही होते! हा उलटा प्रसंग स्टीव्हन्सन लपवत नाही. पुढे तो त्या लोकांची तुलना आपल्या स्कॉटलंडमधल्या डोंगराळ भागातल्या, पराभूत झालेल्या टोळ्यांशी करतो. आपल्याकडच्या दंतकथा सांगून त्यांच्याकडच्या मिळवतो. लोकसंख्या का घटते आहे, याची कारणे तो बेटागणिक ताडून पाहतो. निष्कर्ष असा : जिथे जगण्याच्या रीतीत कमीत कमी बदल लादले गेले, तिथे माणसे टिकली. बदल हिताचा होता की अहिताचा, हा प्रश्न त्याच्या लेखी दुय्यम आहे.

लंडनने ‘स्नार्क’ स्वतः बांधून घेतली. ७,००० डॉलरांचा अंदाज ३०,००० वर गेला. एप्रिल १९०७ मध्ये तो निघाला. मेल्व्हिलच्या ‘टायपी’ने (१८४६) लहानपणी वेड लावलेले ते खोरे त्याने नुकुहिवावर जाऊन पाहिले. तिथे क्षय, हत्तीरोग आणि महारोगाने ग्रासलेली जेमतेम डझनभर माणसे उरली होती. हे पान वाचताना गलबलून येते. पण लगेच लंडन कारण सांगतो : गोरे लोक पिढ्यान्‌पिढ्या जंतूंशी झुंजून टिकलेले, हे बिचारे तसे नव्हेत, हा निसर्गनिवडीचा नियम. जंतूंना प्रतिकार नसणे हे खरेच. पण ते जंतू कोणाच्या जहाजांतून आले, हा प्रश्न नियमाच्या पडद्याआड जातो.

पुढे सॉलोमन बेटांत लंडन स्वतः कोसळला. अंगावर व्रण, हातांची साले निघालेली, शिवाय हिवताप. प्रवास अर्धवट सोडून सिडनीचे रुग्णालय गाठावे लागले. आता कारण कोणते? पुस्तकाच्या शेवटी तो उष्ण कटिबंधातल्या प्रखर सूर्यकिरणांना दोष देतो. टायपीची माणसे मेली ती वंशाच्या दुबळेपणाने. लंडन आजारी पडला तो उन्हाने! दोन मोजमापांतला हा फरक त्याच्या लक्षात येत नाही, कारण त्याला कॅलिफोर्नियात परतता येत होते. खोऱ्यातल्या माणसांना परतायला दुसरे घरच नव्हते.

लंडनवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे : ताहा बेटावरच्या तेहेईने केलेल्या पाहुणचाराचे त्याचे वर्णन मनापासूनचे आहे, आणि मोलोकाईच्या महारोग्यांविषयी लिहिताना तो भीतीचे भांडवल करत नाही.

स्टीव्हन्सनलाही साधुसंत ठरवायला नको. सामोआत त्याने ३०० एकरांहून मोठी जमीन विकत घेतली. गोऱ्या जमीनदाराचे सारे सुख त्याला होते. पण तो तिथे राहिला. तिथल्या राजकारणात परक्या सत्तांनी घातलेल्या धुमाकुळावर त्याने १८९२ मध्ये पुस्तक लिहिले, आणि १८९४ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, तिथेच मेला. नांगर उचलण्याचा हक्क त्याने सोडला, असे म्हणता येईल.

प्रवासवर्णन वाचताना आपण शैली पाहतो, निरीक्षण पाहतो, विनोद पाहतो. आणखी एक गोष्ट पाहावी : लेखक दुसऱ्याच्या दुःखाला जे कारण लावतो, तेच स्वतःच्या दुःखाला लावतो का? मराठीतही परदेशची रसाळ वर्णने कमी नाहीत. ही कसोटी त्यांनाही लावून पाहायला हरकत नाही.