विनामूल्य आणि मुक्तद्वार : हिंगोली परिसरातील हरिनाम सप्ताहाची एक मीमांसा

तिकीट लावून होणाऱ्या नाटकाची समीक्षा होते. गावकऱ्यांसाठी विनामूल्य होणाऱ्या कार्यक्रमाची मात्र सहसा होत नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, हा संकेत येथे आड येतो. वस्तुतः ज्या कार्यक्रमाला मराठी माणूस आयुष्यात सर्वाधिक वेळा जाऊन बसतो, तो विनामूल्यच असतो. त्याची चिकित्सा टाळणे म्हणजे लोकजीवनातील वाङ्मयव्यवहाराचा फार मोठा भाग अभ्यासाबाहेर ठेवणे होय. हिंगोली जिल्ह्यात ह्या चिकित्सेला विशेष अवकाश आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने नवा. परंतु कयाधूकाठची नर्सी आणि औंढा नागनाथ ह्या दोन स्थानांमुळे कीर्तनपरंपरेच्या दृष्टीने तो फार जुना आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. किंमत न घेता मिळणाऱ्या गोष्टीला मराठीत एकच शब्द नाही. ‘फुकट’ ह्या शब्दात हेटाळणी आहे. फुकट्या, फुकटफौजदार ही त्याची संतती ती स्पष्ट करते. फारसीच्या वाटेने आलेला ‘मोफत’ तटस्थ आहे आणि म्हणूनच सरकारी जाहिरातीला सोयीचा आहे. ‘धर्मार्थ’ ह्यात देणाऱ्याचे पुण्य दिसते, घेणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. ‘विनामूल्य’ हा संस्कृत घडणीचा शब्द सर्वांत प्रतिष्ठित. पण ‘मूल्य’ म्हणजे किंमत आणि ‘मूल्य’ म्हणजे मोल अशी त्याची दुहेरी गाठ आहे. ज्याला किंमत नाही त्याला मोलही नसावे, अशी शंका त्याच्या पोटात दडलेली आहे. ह्या चारही शब्दांत येणाऱ्याने काय करावयाचे हे सांगितलेले नाही. सप्ताहाचा विचार नेमका ह्या प्रश्नापासून सुरू करावा लागतो.

अखंड हरिनाम सप्ताहाचा नित्यक्रम सर्वपरिचित आहे. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरील भजन किंवा भागवतकथा, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. अखेरच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. सात दिवस वीणा जमिनीवर टेकू द्यावयाची नाही, हा दंडक. त्यासाठी वीणेचे पहारे लावले जातात आणि ज्याचा पहारा असेल त्याला झोपेतून उठून उभे राहावे लागते. एकेका दिवसाची पंगत एकेका घराकडे किंवा भावकीकडे असते. कीर्तनकार अभंगाचे चरण सोडवीत असताना मागे उभे असलेले टाळकरी ध्रुपद उचलतात. त्यांच्यावाचून कीर्तन पुढे सरकत नाही. म्हणजे येणाऱ्याकडून पैसा घेतला जात नाही. त्याच्याकडून वेळ, आवाज आणि अंगमेहनत घेतली जाते. सप्ताहाचे मोल येथे आहे.

ह्या व्यवस्थेची खूण भाषेतही उमटली आहे. गावात सप्ताह ‘बसतो’, जसा गणपती बसतो, घट बसतात. शिबिर मात्र ‘बसत’ नाही. ते ‘भरवले’ जाते किंवा ‘आयोजित केले’ जाते. हस्तपत्रिकेच्या शेवटी ‘सर्व भाविकांनी लाभ घ्यावा’ असे वाक्य येते. ते इतके रुळलेले आहे की वाचणाऱ्याचे त्याकडे लक्षही जात नाही. तथापि त्याची घडण पाहण्यासारखी आहे : क्रियापद विध्यर्थी, कर्ता तृतीयेत आणि ठळकपणे उपस्थित. लाभ कोणी देत नाही. तो घ्यावयाचा आहे आणि घेणारे भाविक आहेत. ह्याउलट सरकारी किंवा संस्थांच्या शिबिराचे वृत्त ‘चष्म्यांचे वाटप करण्यात आले’, ‘रुग्णांना लाभ देण्यात आला’ अशा नवीन कर्मणी वाक्यांत येते. त्यात कर्ता नाहीसा होतो आणि घेणारा चतुर्थीत जाऊन उभा राहतो. त्याच माणसाचे नाव आता ‘लाभार्थी’ होते. लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा करणारा. घेणारा नव्हे, मागणारा. भाविक आणि लाभार्थी हे एकाच गावचे एकच रहिवासी असू शकतात. पण एका वाक्यात ते कर्ते आहेत, दुसऱ्यात संप्रदान.

मराठवाड्याच्या संदर्भात ह्या कर्तेपणाला ऐतिहासिक अर्थ आहे. निजामी राज्यात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथील मराठी भाषकाला कचेरीत आणि उच्च शिक्षणात आपली भाषा वापरण्याची संधी नव्हती. अशा काळात अक्षरशत्रू शेतकऱ्याच्या कानावर १२९० सालच्या ज्ञानेश्वरीची मराठी वर्षानुवर्षे, अर्थासह आणि विनामूल्य पडत राहिली, ती पारायण-कीर्तनामुळे. शाळेच्या आधी आणि शाळेच्या बाहेर चाललेले हे भाषाशिक्षण होते. ह्या दृष्टीने सप्ताहाची थोरवी वादातीत आहे.

परंतु येथेच चिकित्सेने थांबू नये. जे विनामूल्य आहे ते मुक्तद्वार असतेच असे नाही. ह्याची साक्ष औंढ्याच्या आख्यायिकेइतकी दुसरी कोणतीही देत नाही. नामदेव नागनाथापुढे कीर्तन करीत असता त्यांना तेथून उठविण्यात आले. ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. मंदिराच्या मागील बाजूस असलेला नंदी आजही ह्या कथेचा दाखला म्हणून दाखविला जातो. ‘कीर्तनामुळे पूजेला अडथळा होतो’ हे उठविण्याचे कारण सांगण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील देऊळ फिरल्याच्या पदात गावाचे नाव नाही. कारण मात्र स्वच्छ सांगितलेले आहे, आणि ते कारण जात हे आहे. म्हणजे दूरच्या पंजाबने जपलेल्या पदात जी धार आहे, ती घराजवळच्या कथनात कित्येकदा बोथट होते. पूजेच्या अडथळ्याची कथा चमत्काराची होते. जातीची कथा द्वाराची राहते. कीर्तनाला किंमत नव्हती. तरीही दार होते आणि दारावर पहारा होता.

नामदेवांच्याच प्रभावळीतील चोखामेळ्याला पंढरीच्या महाद्वाराबाहेर राहावे लागले. ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांनी ह्या मंडपाकडे पाठ फिरविली, त्यांनी १४ एप्रिलच्या जयंतीच्या रूपाने गावोगाव स्वतःचा विनामूल्य मंच उभारला. भीमगीते, व्याख्याने आणि वर्गणीतून होणारे भोजन हे त्याचे स्वरूप आहे. श्रोत्याला कर्ता करण्याचे सप्ताहाचे तत्त्व ह्या मंचाने आपलेसे केले आहे. फक्त दार दुसरीकडे काढले आहे. सप्ताहाची समीक्षा जयंतीकडे न पाहता करणे हे औंढ्याची कथा अर्धीच सांगण्यासारखे आहे. स्त्रियांच्या बाबतीतही हेच म्हणावे लागते. ज्या परंपरेत जनाबाईची वाणी घडली, तिच्या मंडपात स्त्रिया मोठ्या संख्येने बसतात, पंगतीचा भार वाहतात. वीणा मात्र बहुधा पुरुषाच्याच गळ्यात असते.

अलीकडच्या सप्ताहात आणखी एक पालट दिसतो. नामांकित कीर्तनकाराची बिदागी हा वर्गणीतील जड भाग होत चालला आहे. जेथे कीर्तन करावे तेथे अन्नही घेऊ नये, इतका कठोर नियम तुकारामांनी सांगितला. त्याचे अक्षरशः पालन आज कोणी अपेक्षीत नाही. प्रवास, साथीदार, अभ्यास ह्यांचा मोबदला न्याय्यच आहे. आक्षेप मोबदल्याला नाही, त्याने घडविलेल्या रूपाला आहे. मोठ्या बिदागीला मोठी गर्दी हवी, गर्दीला हशा हवा, आणि हशासाठी अभंगाचा चरण बाजूस सारून चुटका येतो. ध्वनिवर्धकामुळे ध्रुपदाची गरज उरत नाही. टाळकरी शोभेपुरते उभे राहतात. सासू-सुनेवरील विनोदाला टाळी देणारा श्रोता कर्ता राहत नाही. तो तिकीट न काढलेला प्रेक्षक होतो.

हशा हा दोष नव्हे, हे गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनावरून सिद्ध होते. तेथे विनोद भरपूर होता. परंतु त्याची घडण प्रश्नाची होती. बाबा विचारीत, समुदाय उत्तर देई, आणि ते उत्तरच पुढच्या प्रश्नाचा आधार होई. श्रोत्याच्या तोंडून निघालेल्या शब्दाने श्रोत्यालाच बांधून घेण्याची ही रीत होती. कीर्तनाआधी गाव झाडण्याचे कामही त्या कीर्तनाचाच पूर्वार्ध होते. ज्याच्यावर हसावयाचे तो मंडपातच बसलेला आहे, आणि तो आपणच आहोत, ही जाणीव त्या हशात होती. आजच्या चुटक्यात ती सहसा नसते.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मोतीबिंदूच्या शिबिरात कर्तेपणाची अपेक्षा धरणे हास्यास्पद आहे. रुग्णाला दृष्टी हवी, प्रयोगविचार नको. हे मान्य केले पाहिजे. पण त्या शिबिराचे स्थळ, वेळ आणि निकड कोणी ठरविली, हा प्रश्न तरीही उरतो. पेरणीच्या दिवसांत भरविलेले शिबिर विनामूल्य असूनही मजुराला एका दिवसाच्या मजुरीइतके महाग पडते. दुसरा आक्षेप सप्ताहाविषयी : लोकवर्गणी ही स्वेच्छेची असते काय? अवर्षणाच्या वर्षी पंगत नाकारणे हे गावात सोपे नसते. जे पाहुण्याला विनामूल्य, ते यजमानाला कर्जाचे, असेही घडू शकते. हा आक्षेप खरा आहे आणि सप्ताहाच्या गौरवग्रंथांतून तो वगळला जातो. स्वल्पमूल्य कार्यक्रमाचा हिशेब मांडताना मूल्य कोणाच्या खांद्यावर आले, हे पाहिल्यावाचून तो पुरा होत नाही.

तेव्हा अशा कार्यक्रमाची परीक्षा प्रवेशमूल्यावरून करणे अपुरे आहे. दार कोणासाठी उघडे आहे, आत आलेल्याला काय करावयास मिळते, आणि खर्चाचा भार कोण उचलतो, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. दुसऱ्या प्रश्नावर सप्ताहाची जुनी घडण आजही उत्तम उतरते. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नांना तिने अद्याप पुरते उत्तर दिलेले नाही. नव्या शिबिरांची अवस्था बव्हंशी उलट आहे : त्यांचे दार कायद्याने सर्वांना उघडे आहे, पण आत गेलेल्याला रांगेत उभे राहण्यापलीकडे काम नाही. आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी नर्सीकडे लोटणारा समुदाय ज्याच्या गावी जातो, त्याला एकदा देवळामागे बसावे लागले होते. त्या समुदायाच्या प्रत्येक मंडपाला मागची बाजू आहे. तेथे आज कोण बसले आहे, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.