धाक बसणे आणि धाक दाखविणे : ‘आज्ञापत्रा’तील दोन प्रकरणांचा भिंगारच्या संदर्भात विचार

१

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’चा विचार मराठीत मुख्यतः दोन अंगांनी होत आला आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे मराठी राज्यव्यवस्थेचे साधन म्हणून पाहिले, तर वाङ्मयाच्या अभ्यासकांनी जुन्या गद्याच्या प्रौढ रूपाचा नमुना म्हणून. दोन्ही दृष्टींनी दुर्गांविषयीच्या प्रकरणाला अग्रमान मिळाला, आणि ते प्रकरण एखाद्या स्वयंपूर्ण निबंधाप्रमाणे वाचण्याची सवय पडली. या सवयीमुळे ग्रंथाच्या विचारातील एक दुवा निसटतो. शत्रूला धाक कशाने बसतो, या प्रश्नाचे दुर्गप्रकरण अर्धेच उत्तर देते. उरलेले उत्तर वतनदारांविषयीच्या प्रकरणात आहे. ही दोन प्रकरणे एकत्र वाचल्यावाचून ग्रंथाचे सामर्थ्यही कळत नाही आणि त्याची मर्यादाही कळत नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय.

या वाचनाची कसोटी पाहण्यास अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यालगतचे भिंगार हे स्थळ विशेष सोयीचे आहे. १६८१ मध्ये दक्षिणेत उतरलेला औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी येथेच मृत्यू पावला. ‘आज्ञापत्र’ त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी सिद्ध झाले आणि त्या दीर्घ युद्धाचा अनुभव त्याच्या पानापानांत आहे. पुढे १८०३ मध्ये येथीलच किल्ला आर्थर वेलस्लीने चार दिवसांत घेतला. आज याच परिसरात भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. एकाच भूमीवर धाकाचे तीन काळ असे शेजारी शेजारी आले आहेत.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. शत्रूने आक्रमणाचा विचारच सोडून द्यावा अशी त्याच्या मनाची स्थिती निर्माण करणे, या अर्थी आजच्या मराठीत ‘प्रतिरोध’ व ‘प्रतिरोधन’ हे शब्द योजलेले आढळतात. ही योजना सदोष आहे. प्रतिरोध हा हल्ला झाल्यानंतर करावयाचा असतो; येथे अभिप्रेत असलेली गोष्ट हल्ल्याच्या पूर्वीची आहे. प्रतिरोध करावा लागला, याचाच अर्थ ती गोष्ट साधली नाही.

मराठीत या अर्थाचे शब्द पूर्वीपासून आहेत : धाक, वचक, दरारा, जरब. यांपैकी ‘जरब’ या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘आघात’ असा आहे. मराठीत आल्यावर त्याला आघाताच्या भीतीचा अर्थ प्राप्त झाला. प्रत्यक्ष प्रहारापासून प्रहाराच्या नुसत्या संभाव्यतेकडे झालेले हे अर्थांतर म्हणजे प्रस्तुत विषयाचे सारच म्हणता येईल.

याहून महत्त्वाची आहे ती या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे. सज्जता ‘ठेवावी’ लागते, निर्धार ‘करावा’ लागतो, प्रतिरोधही ‘करावा’ लागतो. या सर्वांत कर्ता स्वपक्ष आहे. धाक, वचक आणि जरब ही मात्र ‘बसतात’, आणि तीही दुसऱ्यावर अथवा दुसऱ्याला. वाक्यरचनाच सांगते की या व्यापाराचे स्थान प्रतिपक्षाचे मन हे आहे. ‘धाक दाखविणे’ असाही प्रयोग भाषेत आहे. परंतु दाखविलेला धाक बसेलच असे त्यातून ध्वनित होत नाही. उलट, ‘त्याने बराच धाक दाखविला’ या वाक्यात तो न बसल्याचीच सूचना बहुधा असते. दाखविणे आणि बसणे यांमधील हे अंतर कशाने भरून निघते, हाच विश्वासार्हतेचा प्रश्न होय.

जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत वचन देणे, ताकीद देणे यांसारखी वाक्ये कृतिरूप मानली आहेत, आणि ती सफल होण्यास काही पूर्वअटी पुऱ्या व्हाव्या लागतात असे दाखविले आहे. टॉमस शेलिंग यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात धमकीची परिणामकारकता धमकी देणाराची बांधिलकी प्रतिपक्षास पटण्यावर अवलंबून असते, असे निराळ्या मार्गाने प्रतिपादिले. ‘आज्ञापत्रा’च्या परिशीलनास या दोन्ही विचारांचा उपयोग होतो.

३

दुर्गप्रकरण वाचू जाता प्रथम जाणवते ते त्यातील वीरवृत्तीच्या वर्णनाचे अल्पत्व. पाण्याची सोय पाहिल्यावाचून गड बांधू नये. एका झऱ्यावर विसंबू नये. दरवाजा बाहेरून दिसू नये अशा बेताने त्यापुढे बुरूज असावेत. जवळचा उंच डोंगर शत्रूच्या उपयोगी पडेल असा राहू देऊ नये. दारूचे कोठार वस्तीपासून दूर असावे आणि दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून, तिला ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवावी : असा सगळा मजकूर आहे. वरवर पाहता हा केवळ कारखानीसाच्या कामाचा तपशील वाटतो.

परंतु या तपशिलाचे व्याकरण लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. येथील क्रियारूपे बहुशः विध्यर्थी असून, जेथे देखभालीचा संबंध येतो तेथे ‘ठेवीत जावे’, ‘करीत जावे’ या धर्तीची रीतिवाचक संयुक्त रूपे योजिली आहेत. संकट आले असता काय केले जाईल, हे भविष्यकाळात सांगण्यावर ग्रंथकाराचा भर नाही. संकट नसताना काय नित्य चालू असावे, यावर आहे. दारूला ऊन देण्याचा नेम चुकला, तर बुरुजावरील तोफ शत्रूला दिसत राहते, पण तिच्यामागचा अर्थ नाहीसा झालेला असतो. ऑस्टिन यांच्या परिभाषेत बोलायचे तर गड हे एक वाक्य आहे, आणि हा नित्याचा शिरस्ता ही त्या वाक्याची पूर्वअट आहे.

४

हे विवेचन १८०३ च्या घटनेला लावून पाहता येते. अहमदनगरचा किल्ला तेव्हा दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होता. भोवती रुंद खंदक, दगडी तट, तोफा, शिबंदी सर्व काही होते. आपण पाहिलेल्या एतद्देशीय किल्ल्यांत वेल्लोर वगळता हाच सर्वांत बळकट, असा अभिप्राय खुद्द वेलस्लीने दिला. असे असता ८ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रजी फौजेने शिड्या लावून पेठ घेतली, १० ऑगस्टला चार तोफांचा मोर्चा किल्ल्यावर सुरू झाला, आणि १२ ऑगस्टला सुमारे १४०० लोकांची शिबंदी खाजगी मालमत्तेसह सुरक्षित बाहेर पडण्याच्या अटीवर किल्ला सोडून गेली. तट पुरता ढासळलेला नव्हता. त्याआधी धाकाची दिशाच बदललेली होती : किल्ल्याचा धाक वेलस्लीवर बसला नाही, पेठेच्या पाडावाचा धाक किल्ल्यावर बसला.

या घटनेवर वेलस्लीच्या छावणीतील पेशव्यांचे सरदार गोखले यांनी पुण्यास लिहिलेले पत्र इंग्रजी रूपांतरातून प्रसिद्ध आहे. इंग्रज सकाळी आले, तटाकडे पाहिले, तो ओलांडून आतील लोक मारले आणि न्याहारीला परत गेले. यांच्यापुढे कोण टिकणार, असा त्याचा आशय आहे. धाकाच्या अभ्यासात या पत्राचे मोल तोफेइतकेच आहे. इंग्रजांनी जे केले त्याचा अर्थ पुण्याला पोचविला तो एका मराठी सरदाराने. धाक हा असा प्रतिपक्षाच्याच भाषेतून पसरतो. मात्र त्याची व्याप्ती वाढवून सांगणे युक्त होणार नाही. त्याच मोहिमेत गाविलगडाच्या शिबंदीने झुंज दिली आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी तो गड हल्ला करूनच घ्यावा लागला. एका ठिकाणी बसलेला धाक सर्वत्र बसतोच असे नाही.

५

हे पत्र लिहिणारा सरदार इंग्रजांच्या छावणीत का होता, हा प्रश्न दुर्गप्रकरणाच्या कक्षेबाहेरचा आहे. त्याचे उत्तर ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात आहे. या तहाने पेशवे इंग्रजांचे अंकित मित्र झाले होते. तटामागील सज्जता आणि राज्याचा निर्धार यांची फारकत किल्ल्याला शिडी लागण्यापूर्वीच झाली होती.

येथेच वतनदारांविषयीच्या प्रकरणाकडे वळावे लागते. देशमुख-देशपांडे आदी वतनदार हे राज्यातील लहान धनीच होत, परचक्र येताच वतनाच्या लोभाने ते आधी शत्रूला मिळतात आणि इकडचा भेद तिकडे नेतात, असे निदान ‘आज्ञापत्रा’ने केले आहे. भिंगारविषयी याच अर्थाची एक दंतकथा १८८४ च्या अहमदनगर जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे : भिंगारचे देशमुख रघुरावबाबा यांनी ४००० रुपये घेऊन हल्ल्याची योग्य जागा वेलस्लीला सांगितली. कथा आणि ग्रंथ यांची जुळणी इतकी नेटकी आहे की तीमुळेच सावध व्हावे. फितुरीची कथा पराभूतांना सोयीची असते. तट अभेद्यच होता, एक मनुष्य फुटला म्हणून तो पडला, असे म्हटले की तटाची प्रतिष्ठा शाबूत राहते आणि सर्वांची जबाबदारी एकाच्या माथी जाते. अवघा पुणे दरबार ज्या वर्षी इंग्रजांच्या बाजूस होता, त्या वर्षी एका देशमुखाच्या चार हजारांवर पराभवाचा सारा भार टाकणे हे घटनेचे स्पष्टीकरण नव्हे.

‘आज्ञापत्रा’ची मर्यादा या ठिकाणी दिसून येते. त्याचे निदान अचूक आहे, परंतु उपाय केवळ नियमनाचा आहे. वतनदारास फार वाढू देऊ नये, फार दुखवूही नये. दारूला ऊन देण्याची जी विध्यर्थी भाषा, तीच माणसांनाही लावलेली आहे. वस्तुतः औरंगजेबाने १६९९ ते १७०५ या काळात स्वतः मोहीम चालवून साताऱ्यापासून तोरण्यापर्यंतचे गड घेतले, तरी राज्य उरले, आणि तो स्वतः भिंगारास निवर्तला. गड गेल्यावरही जे उरले, तो निर्धार कोणाच्या आज्ञेने उत्पन्न झालेला नव्हता. ग्रंथकाराने हे युग पाहिले होते. तरी निर्धाराची मीमांसा करण्याऐवजी त्याने दुर्गांचीच थोरवी गाइली.

६

सज्जता आणि निर्धार यांपैकी एकच असता काय होते, याची उलट बाजू १९६२ ने दाखविली. १४ नोव्हेंबर १९६२ रोजी लोकसभेने आक्रमकास भारतभूमीतून हुसकून लावण्याचा ठराव संमत केला. निर्धार खरा होता. परंतु त्यामागे सज्जतेचा शिरस्ता नव्हता. पुढील काही दिवसांतच सेला आणि बोमडीला हातचे गेले. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. महाराष्ट्रात या प्रसंगाचे स्मरण सह्याद्री हिमालयाच्या मदतीस धावल्याच्या रूपकाने केले जाते. रूपक उदात्त आहे. पण चव्हाणांच्या कार्याचे मर्म त्या धावण्यात नव्हते. ८,२५,००० सैन्य आणि दहा पर्वतीय डिव्हिजन यांची तरतूद करणाऱ्या १९६४ ते १९६९ च्या संरक्षण योजनेत होते. ते ‘करीत जावे’ या जातीचे काम होते.

सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात असल उत्तर येथे पॅटन रणगाड्याच्या नावाचा धाक निष्प्रभ झाला. भारतीय गणनेनुसार तेथे पाकिस्तानने ९७ रणगाडे गमावले. १९९४ मध्ये अहमदनगर येथे स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात पॅटनही उभा आहे. चिलखती दलाच्या प्रशिक्षणकेंद्राच्या सान्निध्यात तो ठेवण्याचे औचित्य केवळ विजयाच्या स्मरणापुरते नाही. यंत्राच्या कीर्तीने बसलेला धाक यंत्र चालविणाऱ्यांच्या अभ्यासापुढे किती टिकतो, याचे ते प्रात्यक्षिक आहे.

४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या भारताच्या अण्वस्त्रविषयक धोरणात ‘विश्वासार्ह’ आणि ‘किमान’ ही दोन विशेषणे जोडीने येतात. प्रथम वापर न करण्याचे वचन आणि प्रत्याघात प्रचंड असेल ही ताकीद, असे हे दुहेरी विधान आहे. त्याचा प्रत्याघातविषयक भाग भविष्यकाळात आहे. म्हणूनच त्याची विश्वासार्हता त्या भागाच्या शब्दांत शोधता येत नाही. ती नित्य देखभाल, निर्णयाचा अधिकार नागरी नेतृत्वाच्या हाती असल्याची स्पष्टता, आणि त्या नेतृत्वामागे लोकांची स्वेच्छेची संमती यांत शोधावी लागते. पहिल्या गोष्टीचे शास्त्र ‘आज्ञापत्रा’च्या दुर्गप्रकरणात आहे. शेवटच्या गोष्टीच्या अभावाचे निदान वतनप्रकरणात आहे. तिच्या निर्मितीचे शास्त्र मात्र त्या ग्रंथात नाही, कारण ती विध्यर्थाने सांगून होत नाही.

यास्तव पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘आज्ञापत्रा’तील उतारा नेमताना दुर्गप्रकरणाला वतनप्रकरणाची जोड देणे अगत्याचे आहे. एकटे दुर्गप्रकरण वाचणारा विद्यार्थी तटाचे कौतुक करून थांबेल. दोन्ही वाचणारा विद्यार्थी तटामागे कोण उभे आहे आणि ते का उभे आहे, हेही विचारील. १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरचा तट बव्हंशी उभाच होता, ही गोष्ट तो प्रश्न विचारण्यास पुरेशी आहे.