जोडघराची समाईक भिंत : त्र्यंबकेश्वरच्या संदर्भात एक परीक्षण

लहान भूखंडावर कुटुंबाचे घर बसवावयाचे झाले म्हणजे स्थापत्याच्या वर्गात एक ठरावीक उत्तर पुढे येते. शेजारच्या भूखंडावरील घराशी एक भिंत समाईक करावी, उरलेल्या तीन बाजू मोकळ्या ठेवाव्यात आणि एका अर्ध्याचा नकाशा आरशात धरल्याप्रमाणे उलटवून दुसऱ्या अर्ध्यावर ठेवावा. राष्ट्रीय इमारत संहितेनेही अशा घराची ओळख तीन बाजूंनी मोकळी इमारत अशीच करून दिली आहे. बाजारात त्यास 'ट्विन बंगला' हे नाव रूढ झाले आहे. 'जोडघर' हा शब्द त्याहून नेमका व कमी दिखाऊ होय. हे उत्तर मुळात चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून प्रथम दिले गेले, आणि तो प्रश्न त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रात त्याच स्वरूपात उभा आहे काय, याचा विचार क्वचितच होतो. तो न झाल्याने कागदावर निर्दोष दिसणारा नकाशा पहिल्याच श्रावणात दोषी ठरतो.

जोडघराच्या बाजूने जे बोलले जाते ते प्रथम न्यायाने मांडले पाहिजे. उदाहरणादाखल ८ मीटर रुंद व १५ मीटर खोल, म्हणजे १२० चौरस मीटरचा भूखंड घ्यावा. पुढे ३ व मागे २ मीटर सोडले तर बांधकामास १० मीटर खोली उरते. दोन्ही अंगांस दीड-दीड मीटर सोडून सुटे घर बांधल्यास रुंदी ५ मीटर आणि तळमजला ५० चौरस मीटर होतो. तेच घर एका अंगाने शेजाऱ्यास जोडले तर रुंदी साडेसहा मीटर आणि तळमजला ६५ चौरस मीटर होतो. वाढ ३० टक्क्यांची, आणि तीही एक वीत जमीन न घेता. दुसरा लाभ तितकाच मोठा असून त्याकडे दुर्लक्ष होते. सुट्या घराच्या ५० चौरस मीटरांभोवती ३० मीटर लांबीची भिंत पावसात उभी असते, तर जोडघराच्या ६५ चौरस मीटरांभोवती ती २३ मीटरच असते. म्हणजे दर चौरस मीटरमागे भिजणाऱ्या भिंतीचे प्रमाण ०.६० वरून ०.३५ वर येते. नाशकात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि तेथून अवघ्या २८ किलोमीटरांवरील त्र्यंबकास त्याच्या दुपटीहून अधिक पडतो, हे ध्यानात घेतल्यास केवळ या एका आकड्यासाठी जोडघराचा पुरस्कार करणे योग्य ठरेल. विलायती ग्रंथांत हे समर्थन सापडत नाही. तेथे समर्थनाची तऱ्हाच निराळी आहे.

इंग्लंडात जोडघर जन्मास आले ते मुख्यतः शोभेसाठी. लंडनच्या सेंट जॉन्स वूड भागातील एअर इस्टेटीसाठी १७९४ मध्ये जो आराखडा तयार झाला त्यात अशा जोड्या प्रथम योजनापूर्वक मांडलेल्या आढळतात. मध्यम ऐपतीची दोन घरे एकत्र केली की रस्त्यावरून एक प्रशस्त हवेली उभी असल्याचा भास होई, हे त्यांतील मर्म. पुढे रेमंड अन्विन याने १९१२ मध्ये दाटीने बांधण्यात काही लाभ नाही असा सिद्धान्त मांडला, १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स समितीच्या अहवालावर त्याच्या विचारांची छाप पडली आणि एकरी १२ घरांचे प्रमाण इंग्रजी उपनगरांत रूढ झाले. एकरी १२ म्हणजे घरामागे सुमारे ३३७ चौरस मीटर जमीन. तेथे समाईक भिंत ही जागेच्या टंचाईतून आलेली नव्हती. भोवतालची बाग राखून खर्च कमी करण्याची ती युक्ती होती. आपल्या १२० चौरस मीटरांच्या भूखंडावर बाग नाही, मागील अंगणात सूर्य आणण्यासाठी घरांमध्ये ७० फूट अंतर ठेवण्याचा प्रश्न नाही, आणि जेथे जुन्या वस्तीत घराला घर लागून आहे तेथे हवेलीचा आव कोणापुढे आणावयाचा, हेही कळत नाही. आकृती तेवढी आली. तिचे कारण तिकडेच राहिले.

मराठी घराच्या इतिहासात मात्र समाईक भिंतीचा अनुभव नवा नाही, केवळ त्याची दिशा उलटी आहे. तिकडे दोन घरे एक असल्याचे भासविण्यासाठी जोडली गेली. इकडे एक घर दोन करण्यासाठी भिंत घातली गेली. ती भिंत वाटणीची. जुने घर खणांनी मोजले जाई : तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. दोन खांबांमधला खण हेच मोजण्याचे आणि वाटण्याचेही माप होते. भाऊ विभक्त झाले म्हणजे खांबांच्या एका ओळीत विटांची वा कुडाची भिंत चढे. ओटी, माजघर आणि परसू यांचे उभे दोन तुकडे होत. परंतु डोक्यावरची तुळई दोन्हींकडे अखंडच राही. कायद्याने वेगळ्या झालेल्या दोन बिऱ्हाडांचे छप्पर लाकडाने एकत्र बांधलेले असे, आणि एकाने आपला अर्धा भाग पाडावयास घेतला की दुसऱ्याचा ढासळू लागे. अशा घरांच्या वाटपाची अडचण कायद्यासही ठाऊक होती. १८९३ च्या वाटप कायद्याने गैरसोयीच्या वाटणीऐवजी विक्रीचा मार्ग न्यायालयास मोकळा ठेवला. आणि कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेऊन वाटपाचा दावा लावल्यास तो हिस्सा ठरलेल्या किमतीस विकत घेण्याची मुभा घरातल्या हिस्सेदारास दिली. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तर २० वर्षांच्या अखंड उपभोगानंतर उजेड, हवा आणि भिंतीचा आधार यांवर शेजाऱ्याचा हक्क मानला. समाईक भिंत ही विटांची वस्तू खरी. पण तिच्या दोन्ही अंगांस दोन वारसांचे भवितव्य टेकलेले असते, हे नकाशा काढणाऱ्याने विसरता कामा नये.

आता प्रत्यक्ष जागेकडे वळावे. पश्चिमेच्या अंगाला ब्रह्मगिरी, गावात कुशावर्त, १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी आरंभिलेले काळ्या पाषाणाचे देवालय, आणि त्यांच्या भोवती दाटलेली तीर्थोपाध्यायांची व व्यापाऱ्यांची घरे, असे त्र्यंबकाचे जुने रूप. पाऊस नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. समाईक भिंत दक्षिणोत्तर असलेली जोडी येथे उभी केली तर पश्चिमेकडील अर्ध्याची १० मीटर लांबीची भिंत आषाढ-श्रावण झोडपली जाते. पूर्वेकडील अर्धा मात्र शेजाऱ्याच्याच आडोशास राहतो. नकाशा मात्र दोघांना सारख्याच खिडक्या, सारखाच सज्जा आणि सारखीच शयनगृहे देतो. आरशातील प्रतिबिंब हे भूमितीचे साम्य आहे, राहणीचे नव्हे. पश्चिमेच्या घराने त्या अंगास जिना, कोठी, न्हाणी अशा कमी वावराच्या जागा ठेवाव्यात, उघड्या कमी कराव्यात, वळचण हातभर अधिक बाहेर काढावी. पूर्वेच्या घराने त्याच जागी वावराच्या खोल्या मोकळ्या कराव्यात. जोडीतील दोन नकाशे वेगळे असणे हा येथे दोष मानू नये. देवघराचीही तीच गोष्ट. पूर्वेस तोंड करून बसावयाची एका घरातील सोय नकाशा उलटताच दुसऱ्यात पश्चिमाभिमुख होते, आणि मग गृहस्थ देव्हारा उचलून माजघराच्या मध्यभागी आणून ठेवतो. नकाशाकाराला हा अडाणीपणा वाटत असेल. पण अडाणीपणा कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

छपराचा विचार तर याहून निकडीचा आहे. प्रत्येक घरास आपापले दोन पाखी छप्पर द्यावयाचे म्हटले की समाईक भिंतीवर दोन पाखी एकमेकींस भेटतात आणि त्यांच्या बेचक्यात पन्हळ बसवावी लागते. मुसळधार पावसाच्या प्रदेशात दोन मालकांच्या मधोमध, दोघांच्याही डोक्यावर, पाल्याने तुंबणारी पन्हळ ठेवण्याइतकी अदूरदृष्टी दुसरी नसेल; ती साफ कोणी करावयाची, हा वाद छताच्या गळतीइतकाच टिकाऊ असतो. याउलट आढेच समाईक भिंतीवर घेतले आणि प्रत्येकाने एकच पाखे आपल्या मोकळ्या बाजूकडे उतरविले, तर पागोळी ज्याची त्याच्या जमिनीत पडते. साडेसहा मीटर रुंदीवर ३० अंशांचा उतार दिला तर आढ्याखाली पावणेचार मीटरांची उंची मिळते. माळा फुकट पदरात पडतो. आज सपाट स्लॅब घालून वर पुन्हा पत्र्याची शेड चढविण्याची जी रीत पडली आहे तिच्यात एकाच कामासाठी दोनदा पैसा खर्च होतो.

आढे भिंतीवर आले की जोडघराचा दुसरा जुना रोगही बरा करता येतो. साडेसहा मीटर रुंदी म्हणजे आत सुमारे तीन-तीन मीटरांच्या दोन ओळी. मोकळ्या बाजूची ओळ उजेडात राहते. समाईक भिंतीलगतच्या ओळीस पुढे व मागे खिडक्या मिळतात, पण मधला तीनेक मीटरांचा तुकडा आंधळा राहतो. संहितेने राहत्या खोलीसाठी किमान साडेनऊ चौरस मीटर, आणि दुसरीसाठी साडेसात, ही मापे दिली आहेत. ती पुरी करण्याच्या खटाटोपात या आंधळ्या तुकड्यालाही 'खोली' म्हटले जाते. तेथे जिना घालावा आणि वर आढ्यालगत काचेची कौले बसवावीत. घराच्या सर्वांत उंच जागेतून उतरणारा उजेड जिन्यातून माजघरापर्यंत पोहोचतो. शिवाय दोन्ही घरांचे जिने पाठीला पाठ लावून आल्याने एका घरातील पहाटेचे पठण दुसऱ्याच्या उशाशी ऐकू येत नाही. येथे मात्र आरशातील साम्याचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. न्हाण्या पाठीला पाठ लावून एकच नळ दोघांत घालण्याची शिफारस नेहमी केली जाते. ती मान्य करू नये. वाचणाऱ्या नळाच्या किमतीपेक्षा भिंत फोडण्याच्या परवानगीची किंमत अधिक पडते.

समाईक भिंतीवर या देशातील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला आक्षेप म्हणजे चार्ल्स कोरिया यांची नवी मुंबईतील बेलापूरची वसाहत. १९८० नंतरच्या दशकात झालेल्या या योजनेत ४५ ते ७५ चौरस मीटरांचे भूखंड होते, आणि इतक्या लहान जागेतही कोरियांनी घरांच्या भिंती समाईक ठेवल्या नाहीत. घर हे कुटुंबाबरोबर वाढणारे असेल तर त्याची भिंत त्याचीच असली पाहिजे, हे त्यांचे तत्त्व. पुढे रहिवाशांनी घरे वाढविली, काहींनी पाडून नवी बांधली, आणि त्यास शेजाऱ्याची आडकाठी झाली नाही. हे तत्त्व वाटणीची भिंत पाहिलेल्या मराठी माणसास तत्काळ पटावे. परंतु ते त्र्यंबकात जसेच्या तसे आणता येणार नाही. येथे दोन घरांमध्ये हातभर फट ठेवणे म्हणजे गिलावा न करता येणारी, शेवाळलेली आणि उंदरांस आंदण दिलेली जागा निर्माण करणे होय. भिजणाऱ्या भिंतीची लांबीही पुन्हा ३० मीटरांच्या पुढे जाते.

तेव्हा फट नको आणि समाईक भिंतही नको. दोन घरांनी आपापली भिंत बांधावी, ती शेजारच्या भिंतीस भिडवावी, मध्ये बोटभर सांधा ठेवावा आणि तो वरून आढ्याच्या कौलांनी झाकावा. प्रत्येक पाखे आपापल्या भिंतीवर टेकावे. २३० मिलीमीटरच्या एका समाईक भिंतीत प्रत्येकाचा वाटा ११५ मिलीमीटरचा. त्याऐवजी दोघांनी १५० मिलीमीटरची भिंत व सांध्याचा अर्धा भाग दिला तर १० मीटर लांबीत प्रत्येकाची अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी जागा जाते. एवढ्या मोबदल्यात पुढच्या पिढीस आपले घर आपल्या मर्जीने पाडता येते. खांबही प्रत्येकाचे स्वतंत्र हवेत, नाही तर तुळईची जुनी गोष्ट सिमेंटात पुन्हा घडेल. जुन्या जाड भिंतीतील कोनाडे व देवळ्या या पातळ भिंतींत बसणार नाहीत, ही हानी मान्य करावी. खांब आत पुढे आले की त्यांच्यामधल्या जागेत फडताळ बसते, तेवढीच भरपाई.

राहिला प्रश्न मोकळ्या बाजूचा. त्र्यंबकातील पुष्कळ घरे केवळ कुटुंबाची नसतात. नारायण नागबळीचा विधी तीन दिवस चालतो. दूरदेशीचे यजमान त्या काळात बहुधा उपाध्यायांच्याच आश्रयास उतरतात, जेवतात, निजतात. जुन्या घरात ओटी व माडी त्यांची आणि माजघर-परसू घरच्यांचा, अशी विभागणी वहिवाटीने झालेली होती. जोडघराच्या रूढ नकाशात दार एकच व जिना दिवाणखान्यातून. त्यामुळे तीन दिवस सोवळे सांभाळणाऱ्या घरधनिणीस परक्या माणसांच्या वाटेतूनच ये-जा करावी लागते. दीड मीटरांच्या मोकळ्या बाजूने मागील परसापर्यंत घरच्यांची वाट न्यावी आणि पुढील दाराजवळून आतल्या जिन्याने यजमान थेट वर जावेत, अशी मांडणी केल्यास दोन्ही वावर वेगळे होतात. त्यासाठी बाजूची जागा मोकळी मात्र राहिली पाहिजे. २०१५ च्या सिंहस्थानंतर आता २०२६-२७ चा सिंहस्थ येत आहे, आणि अशा पर्वात पहिला बळी जातो तो याच दीड मीटरांचा : वर पत्रा पडतो, खाली फरशी होते, आणि एका पर्वापुरती म्हणून केलेली खोली पुढील बारा वर्षे तशीच राहते. पत्र्याखाली गेलेल्या खिडक्या मग त्याच घराच्या असतात, आणि त्यांतून जाणाऱ्या उजेडाबद्दल कोणावर दावाही लावता येत नाही. परवानगीच्या नकाशावर ही पट्टी नुसती रिकामी न दाखविता तिच्यावर 'परसाची वाट' असे लिहून दाराची जागा दाखविली, तर ती भरून काढण्यापूर्वी निदान घरातून विरोध होईल.