संचातून सुटलेला भाग : केबलऐवजी मालिका-खरेदी आणि दूरचित्रवाणी-समीक्षेपुढील प्रश्न

दूरचित्रवाणीवरील मालिका ही ‘कृती’ आहे की केवळ ‘प्रक्षेपण’, हा प्रश्न मराठी समीक्षेत फारसा उपस्थित झालेला नाही. नाटकाला संहिता असते, कादंबरीला ग्रंथरूप असते, चित्रपटाला रिळे आणि पुढे तबकड्या असतात. मालिका मात्र संध्याकाळी येते आणि जाते. अमेरिकेत २००५ नंतरच्या काही वर्षांत केबलची जोडणी तोडून हवे तेच कार्यक्रम इंटरनेटवरून भागागणिक विकत घेण्याची पद्धत काही प्रेक्षकांनी स्वीकारली. या पद्धतीकडे सामान्यतः ग्राहकाच्या बचतीचा मार्ग म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत लेखात तिचा विचार मालिकेच्या वाङ्मयीन स्वरूपाच्या अंगाने केला आहे. सुट्या विक्रीमुळे मालिकेला ग्रंथासारखे स्वतंत्र अस्तित्व मिळण्याची शक्यता निर्माण झाली. ती शक्यता विक्रीच्या अटींनीच अर्ध्यावर अडवली. आणि मराठी मालिकेच्या वाट्याला तर ती आलीच नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१२ ऑक्टोबर २००५ रोजी अ‍ॅपल कंपनीने आपल्या ‘आयट्यून्स’ या दुकानात एबीसी आणि डिस्ने चॅनल या वाहिन्यांच्या पाच मालिकांचे भाग विक्रीस ठेवले. ‘लॉस्ट’ आणि ‘डेस्परेट हाउसवाइव्ह्ज’ या त्या वेळच्या दोन गाजत्या मालिका त्यांत होत्या. एका भागाची किंमत १.९९ डॉलर, जाहिराती नाहीत, आणि प्रक्षेपणाच्या दुसऱ्याच दिवशी भाग उपलब्ध. चित्र ३२० बाय २४० बिंदूंचे, म्हणजे दिवाणखान्यातील पडद्यावर धूसरच. तरीही मालिका, संगीतफिती व लघुपट मिळून दहा लाख चित्रफिती वीस दिवसांच्या आत विकल्या गेल्या. मालिकांचे डीव्हीडी संच बाजारात पूर्वीपासून होते. पण ते हंगाम संपल्यावर काही महिन्यांनी येत. केबलची जागा घेऊ शकेल अशी विक्री ही पहिलीच.

हिशेब साधा होता. २००५ च्या सुमारास अमेरिकेतील नेहमीच्या केबल-पॅकेजचे सरासरी शुल्क महिना सुमारे ४३ डॉलर होते. बावीस भागांचा एक हंगाम सुटा विकत घेतला तर ४३.७८ डॉलर पडत. म्हणजे एका मालिकेचे वर्ष आणि केबलचा एक महिना यांची किंमत जवळजवळ सारखी. वर्षाला अकरा मालिकांपर्यंत खरेदीच स्वस्त. या हिशेबात थेट क्रीडाप्रक्षेपण आणि बातम्या धरलेल्या नाहीत, कारण त्या विक्रीस नव्हत्याच. शिवाय भाग उतरवून घेण्यासाठी लागणारे इंटरनेट पुष्कळ घरांत त्याच केबल कंपनीच्या तारेतून येत होते, ही गंमत वेगळीच. त्याच काळात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगापुढे वाहिन्या सुट्या विकाव्यात की नाही, हा वाद चालू होता. २००४ च्या अहवालात आयोगाने सुट्या वाहिन्या बहुतेक ग्राहकांना महाग पडतील असे म्हटले आणि २००६ च्या अहवालात तेच मत फिरवले. आयोग वाहिनी या एककावर अडलेला असताना बाजार वाहिनी ओलांडून भागापर्यंत पोहोचला होता.

या बदलाचा खरा अर्थ समजण्यासाठी रेमंड विल्यम्स यांच्याकडे वळावे लागते. ‘टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म’ (१९७४) या ग्रंथात त्यांनी मायामीतील एका रात्रीचा अनुभव नोंदवला आहे. चित्रपट पाहता पाहता मध्ये येणाऱ्या जाहिराती आणि दुसऱ्याच चित्रपटांच्या झलका यांतून मूळ चित्रपट कोणता, हेच त्यांना उमगेनासे झाले. यातून त्यांनी ‘प्रवाह’ ही संकल्पना मांडली. दूरचित्रवाणीवर कार्यक्रम हे एकक नसून संध्याकाळभर वाहणारा प्रवाह हेच एकक आहे, असे तिचे सार. पुढील तीन दशके दूरचित्रवाणीच्या अभ्यासावर या संकल्पनेचा मोठा प्रभाव राहिला. १.९९ डॉलरला विकला जाणारा भाग हा या प्रवाहातून ओंजळीने उचललेले पाणी होता. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही.

असा भाग पाहताना त्याच्या रचनेतील सांधे उघडे पडतात. अमेरिकन वाहिन्यांवरील ‘तासाचे’ नाट्य प्रत्यक्षात बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटांचे असते आणि ते चार ते सहा अंकांत विभागलेले असते. जाहिरातींनंतर प्रेक्षकाने परत यावे म्हणून प्रत्येक अंकाच्या शेवटी ताण शिगेला नेलेला असतो. विकत घेतलेल्या प्रतीत जाहिराती नाहीत. पण त्यांच्यासाठी बांधलेली शिखरे तशीच आहेत. पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच कथा पुढे चालू लागते. जो ताण तीन मिनिटे टिकावा म्हणून निर्माण केला, तो एका श्वासात विरतो. दोन भाग लागोपाठ पाहिले तर आरंभीचे पूर्वसूत्रही निरर्थक वाटते. मालिकेचे रूप अर्थकारणाने कसे घडवले आहे, हे ते अर्थकारण वगळल्यावरच इतके स्पष्ट दिसते. उलट काही ठिकाणी लाभही होतो. ‘लॉस्ट’चा प्रत्येक भाग काळ्या पडद्यावरील शीर्षकाशी तुटतो. वाहिनीवर त्यापाठोपाठ दुसऱ्या कार्यक्रमाची गडबड सुरू होई. सुट्या प्रतीत तेथे शांतता मिळते. त्या मालिकेतील आकडे, खुणा, पार्श्वभूमीला दिसणारी पुस्तके थांबून, मागे जाऊन तपासता येऊ लागली. मे २००७ मध्ये एबीसीने ही मालिका २०१० मध्ये संपेल असे तीन वर्षे आधी जाहीर केले. त्याचे श्रेय भागांच्या विक्रीला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. लेखकांचा आग्रह त्यामागे होता. मात्र शेवट ठरलेली मालिका ही संग्रही ठेवण्याजोगी वस्तू असते आणि अनंत चालणारी मालिका तशी नसते, एवढे खरे.

मराठी वाचकाला हा फरक परका नाही. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. वाचक अंक घेत होता. अंकात कादंबरीच्या प्रकरणासोबत इतरही मजकूर होता आणि त्याचीही किंमत तो देत होता. पुढे ती ग्रंथरूपाने आली तेव्हा बाकीचा मजकूर गळाला आणि कादंबरी उरली. तिच्यावरील समीक्षा प्रामुख्याने त्या ग्रंथरूपाच्या आधाराने उभी आहे. केबलच्या पॅकेजातून भाग सुटा होणे हे अंकातून ग्रंथ होण्यासारखेच आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. साम्य येथपर्यंतच आहे. ग्रंथ विकत घेणारा त्याचा मालक होतो. तो ग्रंथ मित्राला देता येतो, जुन्या बाजारात विकता येतो, महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला भेट देता येतो. आयट्यून्सवरील भागाबाबत यांपैकी काहीच करता येत नव्हते. फाइल सांकेतिक कुलपात होती, ती पाचच संगणकांवर चाले आणि साध्या डीव्हीडी-यंत्रावर चालेल अशी तबकडी तिच्यापासून तयार करता येत नसे. व्यवहाराचे नाव खरेदी, आशय परवान्याचा.

या परवान्याची नाजूक बाजू लवकरच दिसली. ऑगस्ट २००७ मध्ये एनबीसी युनिव्हर्सल आणि अ‍ॅपल यांचे किमतीवरून बिनसले. नव्या अटींनी भागाची किंमत ४.९९ डॉलर होईल असे अ‍ॅपलचे म्हणणे. एनबीसीने ते नाकारले. परिणामी त्या समूहाच्या मालिका दुकानातून गेल्या व सप्टेंबर २००८ मध्ये परतल्या. ‘द ऑफिस’ या मालिकेला तिच्या अनिश्चित काळात याच विक्रीने आधार दिला होता, हे लक्षात घेता ही घटना अधिकच बोलकी आहे. ‘ब्रेकिंग बॅड’च्या बाबतीत ‘हंगाम’ या शब्दाचाच अर्थ वादात सापडला. वाहिनीने अंतिम हंगामाचे सोळा भाग २०१२ आणि २०१३ असे आठ-आठ करून दाखवले. संपूर्ण हंगामाचे पैसे भरलेल्यांना आठच भाग मिळाले. प्रकरण न्यायालयात गेले आणि अ‍ॅपलने ग्राहकांच्या खात्यात भरपाई जमा केली. कादंबरीचा खंड कोठे संपतो हे पुस्तकाची बांधणी ठरवते. येथे ते विक्रेत्याच्या नोंदवहीने ठरवले.

तरी २००५ च्या ग्राहकाच्या संगणकावर निदान फाइल होती. पुढे ‘खरेदी’ म्हणजे खात्यातील एक ओळ उरली. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनने डिस्कव्हरीच्या विकलेल्या मालिका ग्राहकांच्या संग्रहातून वर्षअखेरीस काढल्या जातील असे कळवले. ओरड झाल्यावर नवा करार करून तो निर्णय मागे घेतला गेला, पण असे होऊ शकते हे सर्वांना कळून चुकले. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून, परवाना देताना ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा तर तो परवाना आहे हे स्पष्ट सांगण्याची सक्ती केली. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. दरम्यान बाजार पुन्हा संचाकडे वळला होता. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवण्यास आरंभ केला आणि १ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेरा भाग एकदम खुले केले. मासिक वर्गणी हे केबलचेच पॅकेज, फक्त वेळापत्रक नसलेले.

भारतात भाग हे विक्रीचे एकक कधी झालेच नाही. ३१ डिसेंबर २००६ पासून मुंबई, दिल्ली व कोलकाता यांच्या काही भागांत ‘कॅस’ पद्धत आली तेव्हा सशुल्क वाहिनीला महिना कमाल ५ रुपये असा दर होता. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या नियमांनी १३० रुपये व करांत शंभर वाहिन्यांची सोय आणि पसंतीच्या सशुल्क वाहिन्यांचे वेगळे दर ठरले. दोन्ही वेळी निवड वाहिनीची होती. डिसेंबर २०१२ मध्ये आयट्यून्सचे दुकान भारतात उघडले ते संगीत व चित्रपट घेऊन. मालिकांचे दालन त्यात नव्हते. मराठी नाटकांच्या व्हीसीडी घरोघर पोहोचल्या, मराठी मालिकांचे तसे झाले नाही. मराठी प्रेक्षक केबलवरून थेट वर्गणीच्या मंचावर गेला.

याचे कारण केवळ व्यापारी नाही. ते रचनेत आहे. ईटीव्ही मराठीवरील ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. बावीस मिनिटांचा एक भाग धरला तरी ते अकराशे तास होतात. एकेका भागाला किंमत द्यायची तर त्या भागात काही घडावे लागते. दैनंदिन मालिकेत घटना आठवड्यावर पसरवलेली असते. एकाच वाक्यावर चार चेहऱ्यांच्या प्रतिक्रिया पार्श्वसंगीतासह दाखवल्या जातात, कारण प्रेक्षक त्या वेळी पोळ्या लाटत असतो किंवा मुलांचा अभ्यास घेत असतो. हा दोष आहे असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. तो त्या पाहण्याच्या पद्धतीचा धर्म आहे, आणि कीर्तनातील पुनरुक्तीइतकाच तो सहेतुक असू शकतो. परंतु सुटा भाग विकण्याची कसोटी लागली असती तर मराठीत वेगळ्या घडणीच्या, मोजक्या भागांच्या मालिकांना काही आर्थिक आधार मिळाला असता, ही शक्यता नाकारता येत नाही. ती कसोटी लागलीच नाही, हे मराठी दूरचित्रवाणीचे मोठे नुकसान आहे.

दुसरे नुकसान अभ्यासाचे. ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना देण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर आहे. मालिकेबाबत तसे बंधन नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ नुसार अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कृतीची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते, पण तिची बिगर-डिजिटल प्रत आधीच ग्रंथालयाकडे असेल तरच. मालिकेची अशी प्रत ग्रंथालयाने आणायची कोठून? मंचांचीही स्थिती अस्थिर आहे. ‘वूट’ २०१६ मध्ये सुरू झाले, २०२३ मध्ये ‘जिओसिनेमा’त सामावले आणि २०२५ मध्ये त्याचे ‘जिओहॉटस्टार’ झाले. प्रत्येक स्थलांतरात काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे सर्वस्वी मालक कंपनीच्या हाती राहिले.

या परिस्थितीत मराठी विभागांतून मालिकांवर होणाऱ्या प्रबंधलेखनाने निदान आपली नोंदपद्धती बदलणे आवश्यक आहे. मालिकेचे नाव, वाहिनी आणि वर्ष एवढीच नोंद पुरेशी नाही. भागाचा क्रमांक, प्रथम प्रक्षेपणाची तारीख, तो कोणत्या मंचावरील प्रतीवरून व कोणत्या दिवशी पाहिला, ती प्रत किती मिनिटांची होती आणि जाहिरातींच्या जागा तीत राखल्या होत्या की गाळल्या होत्या, हे तपशील तळटीपेत यावेत. विश्लेषणासाठी निवडलेल्या प्रसंगांचे संवाद व दृश्यक्रम संशोधकाने आवश्यक तेवढे स्वतः उतरवून परिशिष्टात जोडावेत. प्रबंधाची छापील प्रत तरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहते.