चित्रातले सुरय आणि समुद्रावरचे सुरय

पीटर हॅरिसन यांचे 'सीबर्ड्‌स' हे १९८३ साली निघालेले पुस्तक समुद्रपक्षी ओळखू पाहणाऱ्यांना फार उपयोगी पडले. त्यातील चित्रे लेखकानेच काढली आहेत. उडणारा पक्षी वरून व खालून कसा दिसतो, वयानुसार कसा बदलतो, हे त्यांत दाखवले आहे. तरीही अशा पुस्तकांच्या मांडणीत एक उणीव राहते, असे आम्हांस वाटते.

पावसाळी वादळात कोकण किनाऱ्याकडे ढकलले जाणारे दोन सुरय घेऊ : ब्रायडल्ड टर्न आणि सूटी टर्न. दोघेही वरून गडद, खालून पांढरे. ब्रायडल्डच्या कपाळावरचा पांढरा पट्टा अरुंद असून डोळ्यामागे जातो; सूटीचा रुंद असून डोळ्यापाशी थांबतो. ब्रायडल्डची पाठ करडी-तपकिरी, डोक्यावरच्या काळ्या टोपीहून फिकी. सूटीची टोपीइतकीच काळी. हे सारे बरोबर आहे. पण पक्षी लांब आणि सूर्य त्याच्या मागे असला की दोन्ही पाठी काळ्याच दिसतात आणि कपाळ दिसतच नाही. शेजारी तुलनेला काही नसल्याने आकाराचा अंदाज चुकतो. उडण्याची ढब पाहावी, तर तीही वाऱ्याबरोबर बदलते.

चित्रात मात्र दोघे एकाच प्रकाशात, सारख्याच अंतरावर असतात. सावधगिरीच्या सूचना प्रस्तावनेत असतात, पण वाचक उघडतो चित्राचे पान. कोणती खूण किती अंतरापर्यंत भरवशाची आणि कोणत्या प्रकाशात फसवी, हे त्या पानावरच हवे. हॅरिसन यांनी २०२१ साली सहकाऱ्यांसह नवे पुस्तक काढले, त्यात चित्रे पुष्कळ वाढली. पण नुसती चित्रे वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

चुकीच्या नावाने नुकसान होते. ब्रायडल्ड टर्न वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर वीण करतो, सूटी लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर. नाव चुकले की एकाचा वावर दुसऱ्याच्या खात्यावर जातो, आणि उडून गेलेला पक्षी पुन्हा तपासता येत नाही. ब्रिटनमध्ये कॉमन व आर्क्टिक टर्न लांबून वेगळे करता आले नाहीत, तर निरीक्षक 'कॉमिक टर्न' अशी जोडनोंद करतात. ती आम्हांस अधिक शास्त्रीय वाटते.

शिक्षकांनी पक्षिनिरीक्षणाच्या वहीत तीन रकाने आखावेत : काय दिसले, काय दिसले नाही, आणि त्यावरून कोणते नाव संभवते. तिसऱ्या रकान्यात 'दोहोंपैकी एक' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत.