पानावरचे डाग आणि पेल्यातलं सफरचंद

बाटलीवर नाव आहे ‘विन दे ला नेऊ’. इटालियन येणारा माणूसही इथे क्षणभर अडखळेल, कारण पुस्तकी इटालियनमध्ये वाईन म्हणजे ‘विनो’ आणि बर्फ म्हणजे ‘नेवे’. हे शब्द नोन खोऱ्यातल्या बोलीचे आहेत. आपल्याकडे कुणी उंची वाईनला अहिराणी नाव दिलं तर जसं वाटेल, तसं. अर्थ सरळ आहे: बर्फाची वाईन. (ही गोड आइसवाईन नव्हे, चांगली कोरडी आहे.) 2013 च्या ऑक्टोबरात पहिल्या तोडणीच्या तोंडावरच कोरेदो गावच्या बागेत बर्फ पडला आणि निकोला बियासी या वाईनतज्ज्ञाने तेच नाव ठेवलं. ऐकायला गोंडस. पण घड वेलीवर असताना आभाळातून बर्फ येणं म्हणजे काय, ते ऐन हंगामात गारपीट झेललेल्या निफाडच्या बागायतदाराला विचारा.

नोन खोरं उत्तर इटलीतल्या त्रेंतिनोत आहे. तिथलं खरं पीक सफरचंद. त्या मुलखात, हजार मीटरच्या आसपास उंचीवर, द्राक्षाची ही छोटी बाग. सुरुवातीच्या हंगामांत बाटल्या निघाल्या त्या शेकड्यांत मोजण्याइतक्याच. दुर्मीळपणाचं मला फारसं कौतुक नाही. थोडं काढून महाग विकणं कुणालाही जमतं. मला कुतूहल आहे ते वेलीचं.

वेलीचं नाव योहानिटर. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या द्राक्षसंशोधन संस्थेत 1968 साली योहानेस त्सिमरमान यांनी केलेला हा संकर, आणि नावही त्यांच्याच नावावरून पडलेलं. एका बाजूला रीसलिंग हे खानदानी जर्मन द्राक्ष. दुसऱ्या बाजूच्या वंशावळीत मात्र एक फ्रेंच संकरित वाण आहे आणि त्यातून अमेरिकेतल्या रानवेलींचं रक्त आलेलं आहे. भुरी आणि डावणी हे दोन्ही रोग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतूनच युरोपात उतरले. डावणीशी लढायला 1885 च्या सुमारास मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आलं आणि फवारणीचा जो सिलसिला सुरू झाला, तो आजही नाशिकपासून बोर्डोपर्यंत चालूच आहे. रोग जिथून आला तिथल्या वेलींना त्याच्याशी झुंजायची सवय होती. ती सवय या संकरात उतरली आहे.

ती कशी चालते ते पानावर दिसतं. डावणीची बुरशी पानात शिरली की साध्या वेलीवर पिवळट तेलकट डाग पसरतो आणि खाली पांढरी लव धरते. प्रतिकारक वेलीत शिरकावाच्या जागेवरच्या पेशी स्वतःहून मरून जातात. बुरशीला जिवंत पेशी लागते, मेलेलीवर तिचं भागत नाही. पानावर उरतात बारीक, काळसर, कोरडे ठिपके. दुष्मन यायच्या आत आपलंच शेत पेटवून द्यावं, तशातला हा प्रकार. फवारणी पूर्ण सुटत नाही, पण बरीच कमी होते.

आता पेला. रंग फिकट, गव्हाच्या ताज्या काडासारखा. पहिल्या वासाला वाईन काहीच बोलत नाही आणि मी मुद्दाम एक गोष्ट शोधत असतो. बेंगलोर ब्लू द्राक्षाचा रस प्यायलेल्यांना तो उग्र, गोडसर, अत्तरासारखा दर्प आठवेल. तो अमेरिकी वेलींचा वारसा, आणि संकरित द्राक्षांना युरोपात शतकभर नाकं मुरडली गेली त्यात त्याचा मोठा वाटा. 2021 पर्यंत युरोपीय संघाच्या नियमांनी अशा संकरांना नामांकित प्रदेशांच्या सर्वोच्च दर्जाच्या वाईनमध्ये शिरूच दिलं नव्हतं. इथे तो दर्प नाही. पुन्हा हुंगलं, तरी नाही. रानवेलीने आपली लढाई दिली आणि वास मागे ठेवला.

मग हळूहळू लिंबाची साल येते. गारगोटीवर गारगोटी घासल्यावर अंधारात जो जळका वास येतो, तो येतो. लाकडी पिंपाची खूणही आहे, पण मागच्या रांगेत बसलेली. आणि घोट घेतला की जिभेच्या दोन्ही कडांना हिरवं सफरचंद. पहिल्यांदा मनात आलं, शेजारच्या बागांचा वास लागला की काय! तसं अर्थातच नसतं. द्राक्षात मॅलिक आम्ल असतं, तेच सफरचंदातलं. शेले या रसायनतज्ज्ञाने 1785 साली ते सफरचंदाच्या रसातूनच वेगळं केलं होतं. उन्हाच्या तापाने वेल हे आम्ल खर्च करून टाकते. डोंगरावर रात्री थंड. खर्च सावकाश होतो, आणि घड पिकला तरी आंबटपणा ताठ राहतो.

रोगप्रतिकारक द्राक्षांच्या पुष्कळ वाईन आपली तब्येत सांगत सुटतात: फवारे किती वाचले, पर्यावरण किती सांभाळलं. मान्य, पण प्रकृतीच्या दाखल्यावर कुणी दुसरा घोट मागत नाही. या बाटलीचा दुसरा घोट मी मागितला तो त्या ताठ आंबटपणासाठी. पेला हातात थोडा उबदार झाला तेव्हा मधाची पुसटशी चाहूल आली, आणि तिच्या मागोमाग पुन्हा ते कच्चं सफरचंद.