वरच्या 'सी'च्या अलीकडे

7 डिसेंबर 2000 रोजी मिलानच्या ला स्कालात व्हेर्दीच्या 'इल त्रोव्हातोरे'ने हंगामाचा पडदा उघडला. तिसऱ्या अंकाच्या शेवटी नायक मानरिको आईला चितेवरून सोडवायला निघतो, तेव्हाच्या त्वेषाच्या गाण्यात टेनरने, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष गायकाने, तार सप्तकातला 'सी' लावायचा, हा रिवाज जुना आहे. गंमत अशी की व्हेर्दीने तो स्वर लिहिलेलाच नाही. वाद्यवृंदाचे संचालक रिकार्दो मुती यांनी लिहिलंय तेवढंच गायला लावलं आणि वरच्या गॅलरीत आरडाओरडा झाला. संगीत नाटकांच्या काळात आपल्याकडचा प्रेक्षक वन्समोअर वसूल करायचा, तसाच ला स्कालाचा गॅलरीवाला 'सी' वसूल करायला येतो. तो मिळाला नाही की तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखं त्याला वाटतं.

त्या रात्री मानरिको होता साल्वातोरे लिचित्रा, कार्लो बेर्गोंत्सींचा शिष्य. इटालियन टेनरची गायकी त्या एका वरच्या स्वरावर तोलायची नसते, याचा विसाव्या शतकातला सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे हे बेर्गोंत्सी.

त्यांचा जन्म 1924चा, पार्मा प्रांतात बुसेतोजवळच्या विदालेंत्सो गावातला. हा सगळा मुलूखच व्हेर्दीचा; त्याचं जन्मगाव तिथून हाकेच्या अंतरावर. पोरवयात चीझच्या कारखान्यात काम, मग पार्म्याला गाण्याचं शिक्षण, मध्येच महायुद्ध आणि जर्मनांची कैद. 1948 साली ते रंगमंचावर आले ते बॅरिटोन म्हणून, म्हणजे टेनरहून खालच्या पट्टीत, रोस्सिनीच्या 'सेव्हिलचा न्हावी'मधला फिगारो गात. दोन-तीन वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की हा आपला आवाज नव्हे. मग कॅरुसो, जिल्ली, स्कीपा, पेर्तिले यांच्या रेकॉर्डी ऐकत, गुरूशिवाय, त्यांनी गळ्याची पुन्हा मांडणी केली आणि जानेवारी 1951मध्ये बारी शहरात 'आंद्रेआ शेनिए'मध्ये टेनर म्हणून उभे राहिले. ते वर्ष व्हेर्दीच्या पन्नासाव्या स्मृतिवर्षाचं होतं. इटालियन रेडिओने त्याचे धूळ खात पडलेले ऑपेरे बाहेर काढले आणि या नवख्या टेनरला 'इ दुए फोस्कारी', 'जोव्हान्ना दार्को' अशी कामं मिळाली. गाजलेल्या भूमिकांच्या आधी त्यांना आडबाजूचा व्हेर्दी गळ्यात मुरवता आला, हे त्यांचं भाग्यच.

काळही काय होता! मारिओ देल मोनाकोचा पितळी, तुतारीसारखा आवाज. जुझेप्पे दि स्तेफानोचा मोकळा, रसाळ आणि फार लवकर झिजलेला. फ्रांको कोरेल्ली तर दिसायला सिनेनट आणि आवाजाने वीज. या तिघांपुढे बेर्गोंत्सी बुटके, स्थूल, अभिनयात ठोकळेबाज. उच्चारात गावाकडची ढब होती, 'स'चा 'श' व्हायचा. आवाजही त्यांच्याइतका दणदणीत नव्हता. तरीही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ते 1956 साली आले आणि 1988पर्यंत गात राहिले.

याचं कारण ऐकायचं तर व्हेर्दीच्या 'लुईझा मिल्लेर'मधलं रोदोल्फोचं गाणं काढावं. प्रेयसीचं पत्र हाती आलंय, तिने आपल्याला फसवलं अशी त्याची खात्री झाली आहे. आधी संतापाचं गद्यवजा गायन, मग क्लॅरिनेटच्या झुलत्या स्वरावळीवर संथ चाल, चांदण्या रात्रींच्या आठवणींची. चाल एकच, कडवी दोन. पावारोत्तींच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही कडवी सारखीच लखलखीत आहेत, ऐकताना कान सुखावतात. बेर्गोंत्सींनी हे गाणं 1964च्या सुमारास अॅना मोफ्फोंबरोबरच्या संपूर्ण ऑपेरात गायलं. त्यात पहिल्या कडव्यात माणूस आठवतोय, दुसऱ्यात त्याला आठवणं असह्य झालंय. त्यासाठी हुंदका नाही की सुस्कारा नाही. ओळ जिथे तुटेल असं वाटतं तिथे तोच श्वास पुढे जातो आणि स्वर बारीक होतानाही पोकळ होत नाही. टेनरची खरी कसोटी इथे असते, वरच्या 'सी'च्या पुष्कळ अलीकडे. मध्य सप्तकातून वर जाताना आवाजाला एक वळण लागतं, इटालियन लोक त्याला 'पासाज्जो' म्हणतात. त्या वळणावर स्वर उघडा सोडला तर काही वर्षांत गळा सोलून निघतो, फार झाकला तर शब्द मरतो. बेर्गोंत्सींना तिथे शब्द आणि स्वर दोन्ही सांभाळता यायचे. 1970च्या दशकात त्यांनी व्हेर्दीची टेनरसाठीची 31 गाणी एका संचात गायली. तोवर आवाजावर वय दिसू लागलं होतं, तरी संगीताच्या विद्यार्थ्याला आजही तोच संच हाती द्यावा.

त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचं मात्र कारण नाही. मे 2000मध्ये, पंचाहत्तरीत, त्यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये 'ओतेल्लो' घेतला. ही भूमिका त्यांनी रंगमंचावर आयुष्यभर टाळली होती आणि टाळली हेच शहाणपण होतं. दोन अंक कसेबसे झाले, पुढचे दुसऱ्या गायकाने निभावले. मोहाला वय नसतं, एवढंच म्हणायचं.

लिचित्राचं पुढे काय झालं? मे 2002मध्ये मेट्रोपॉलिटनला पावारोत्ती 'तोस्का'ला आले नाहीत आणि ऐनवेळी हा उभा राहिला. वर्तमानपत्रांनी त्याला त्यांचा वारस ठरवून टाकलं. मग आज इथे, परवा तिथे, सगळ्या भूमिका वजनदार. आवाज सुंदर होता पण गाणं विस्कळीत व्हायला लागलं, ही तक्रार समीक्षक लवकरच करू लागले. 2011मध्ये सिसिलीत स्कूटरच्या अपघातानंतर तो गेला, ऐन त्रेचाळिशीत. गुरूला बारी आणि रेडिओ मिळाला, शिष्याला मिळाल्या हेडलाइन्स. हा फरक माणसांचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त.

डिसेंबर 2023मध्ये युनेस्कोने इटलीतल्या ऑपेरा गायनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मान मोठा आहे. पण एखादी कला जितीजागती असताना तिला वारसा म्हणावं लागतं तेव्हा थोडी पाल चुकचुकतेच. टेनरांची यादी बघा: कौफमान जर्मन, बेचावा पोलिश, फ्लोरेस पेरूचे, कायेया माल्टाचे, अलान्या सिसिलियन आईबापांचे पण जन्माने फ्रेंच. परदेशी माणसाने इटालियन गाणं गावं यात गैर काहीच नाही, फ्लोरेससारखा रोस्सिनी इटलीतही कोणी गायलेला नाही. प्रश्न असा की व्हेर्दीच्या मधल्या वजनाच्या भूमिकांना घरचा माणूस कोण? माझ्या मते फ्रान्चेस्को मेली. जेनोव्हाचा हा गायक मोझार्ट-रोस्सिनीपासून हलक्या पावलांनी व्हेर्दीपर्यंत आला. ला स्कालाच्या 2023च्या उद्घाटनाला व्हेर्दीचा 'डॉन कार्लो' तोच होता. हळू आवाजातलं त्याचं गाणं आणि शब्दांची जाण सरळ बेर्गोंत्सींच्या घरातली आहे. जड भूमिकांत वरचे स्वर आवळतात, तेव्हा वाटतं, याने एक पायरी खाली थांबायला हवं होतं. पण थांबू कोण देतं? शिवाय आता चित्रपटगृहांत ऑपेराचं थेट प्रक्षेपण होतं, कॅमेरा नाकाजवळ येतो. बुटके, स्थूल बेर्गोंत्सी आज निवड चाचणीच्या दारातूनच परत गेले असते.

आणि त्यांची वाट नेमकी कोणी धरावी तर दक्षिण कोरियाच्या सोकजोंग बेकने. हाही मूळचा बॅरिटोन. कोरोनाच्या टाळेबंदीत एकट्यानेच गळा टेनरकडे वळवला, 2022 साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये सॅमसन गायला, 2023मध्ये मेट्रोपॉलिटनला 'नाबुक्को'त आला आणि लगेच पुढे 'तुरांदोत'चा कालाफ. आवाज भक्कम आहे, वरचे स्वर बिनधोक. बेर्गोंत्सी मात्र रादामेससारख्या जड भूमिका करतानाही दोनिझेत्तीच्या नेमोरिनोकडे परत येत, गळा हलका ठेवायला. कोरियन तरुणाला कालाफसाठी बोलावणारी थिएटरं डझनाने आहेत. त्याला नेमोरिनोसाठी बोलावणारं एकही मला अजून दिसलेलं नाही.